साधारणपणे

फेल्प्स वकिलांनी जाडजूड पुस्तक उघडलं, खुणेची फीत बाजूला सारली आणि घसा साफ करून ते वाचू लागले, "पित्याचा हक्क हा घराचा पाया आहे, आणि कोणाच्या अश्रूंसाठी घराचा पाया उकरता येत नाही." तिसऱ्या बाकावर बसलेल्या आसाहेल हार्कनेसना आधी इतकंच वाटलं, की वाक्य छान आहे, कुणीतरी तोलूनमापून लिहिलंय. आणि मग कळलं. वाक्य त्यांचंच होतं. तेवीस वर्षांपूर्वीचं. फेल्प्सच्या नाकातल्या आवाजात ते ओळखूच आलं नव्हतं. आपलाच जुना कोट भर रस्त्यात परक्या माणसाच्या अंगावर दिसावा, तसं झालं. काठी त्यांनी गुडघ्यांमध्ये उभी धरली. शेजारी त्यांची मुलगी टॅमसिन ताठ बसली होती, हातमोजे मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट. समोर न्यायासनावर, जिथं पूर्वी ते स्वतः बसत, गिडियन रूड होता, त्यांचाच शिष्य. तीन वर्षं त्यांच्या घरी राहून कायदा शिकलेला, चिमुकल्या टॅमसिनला खांद्यावर घेऊन डेलावेअरवरची जहाजं दाखवायला नेणारा. आता त्याचेही कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. खिडकीबाहेर फिलाडेल्फियातली मे महिन्यातली सकाळ चालली होती, कोणीतरी स्ट्रॉबेरी विकत ओरडत होतं, आणि आत त्यांचं वाक्य हवेत लोंबकळत होतं. फेल्प्सनी पुस्तक मिटलं नाही. "हा निकाल कोणाचा, हे या दालनात सांगायची गरज नाही," ते म्हणाले, "ते थोर गृहस्थ सुदैवानं आज आपल्यातच बसले आहेत." आणि त्यांनी तिसऱ्या बाकाकडे वळून अदबीनं मान लववली. माना वळल्या. टॅमसिनचीही वळली. ती कुजबुजली, "बाबा, हे तुम्ही लिहिलंय?"

सकाळी आत येताना पुकारा करणारा म्हातारा ओबेड दारातच भेटला होता. "साहेब, वर बसायचं सोडून खाली कुठं निघालात? बाकं टोचतात इथली." "तुझ्याच कोर्टातली बाकं, ओबेड." "म्हणूनच सांगतो. चाळीस वर्षांत मी एकदाही बसलो नाही त्यांच्यावर." दोघेही हसले होते. आता ते हसू आठवून हार्कनेसना स्वतःची लाज वाटली. टोचत होतं ते बाक नव्हतंच. टॅमसिन मुलींना घेऊन आल्यापासून सहा आठवडे त्यांनी तिला त्या निकालाबद्दल सांगितलं नव्हतं. सांगू, उद्या सांगू, असं म्हणत म्हणत खटल्याची तारीख आली होती. गिडियन सुज्ञ आहे, वेगळा विचार करील, फेल्प्सना कदाचित तो जुना निकाल सापडणारच नाही, अशी काहीबाही समजूत त्यांनी घालून घेतली होती. जणू तो निकाल कुठल्या माळ्यावर पडला होता. ओहायोपासून व्हर्माँटपर्यंत जिथे जिथे नवी न्यायालयं उभी राहिली, तिथल्या प्रत्येक न्यायाधीशाच्या कपाटात तो होता. तरुण वकील तो तोंडपाठ करत. इंग्लंडची पुस्तकं जहाजानं मागवायच्या त्या काळात, या मुलखाला स्वतःच्या शब्दांत कायदा सांगणारा माणूस, म्हणून लोकांनी त्यांना मान दिला होता. आणि तो मान त्यांनी घेतला होता, रविवारी चर्चमध्ये राखून ठेवलेल्या जागेसारखा, इकडेतिकडे न बघता.

ते वाक्य लिहिलं तेव्हा ते लँकेस्टरला होते, गावोगावच्या न्यायालयांच्या फिरतीवर. वर्षातले पाच महिने घोड्यावर जायचे. खोगिरामागच्या थैलीत दोन सदरे, खारवलेल्या मांसाचा तुकडा आणि घामानं कडा फुगलेली कायद्याची तीन पुस्तकं. सत्तरीला आलेल्या त्यांच्या मांड्यांना अजून ते खोगीर आठवे. वडील सुसक्वेहानाच्या काठी लाकडी पिंपं बनवत. एक फळी सैल राहिली तर सफरचंदाची सगळी सायडर जमिनीवर, असं म्हणत ते फळ्यांवर लोखंडी कडं ठोकून बसवत, आणि मग पिंप पाण्यानं भरून तासभर नुसते बघत बसत, कुठून थेंब येतो का. पोरानं पिंपं सोडून पुस्तकं धरली याचं त्यांना मरेपर्यंत वाईट वाटलं. पण पोरानं वेगळं काय केलं होतं? तोही फळ्याच बसवत होता. वाक्याला फट नको. लँकेस्टरच्या खाणावळीत न्याहारीच्या टेबलावर, मक्याची भाकरी एका बाजूला सारून, त्यांनी लिहिलं होतं, "साधारणपणे पित्याचा हक्क हा घराचा पाया आहे." वाचून पाहिलं. सुरुवातीलाच पाऊल अडखळत होतं. तो पहिला शब्द सैल फळीसारखा हलत होता. त्यांनी तो खोडला आणि पुन्हा वाचलं, आता वाक्य कसं ठणठणीत उभं राहिलं. त्यांना आठवत होतं, ते एकटेच हसले होते आणि खाणावळवालीनं विचारलं होतं, भाकरी आवडलेली दिसते साहेबांना.

त्या वाक्यानं ज्या बाईच्या मुली गेल्या तिचं नाव केटुरा बोल्स. नवरा पिठाची चक्की चालवणारा, बायकोवर हात उचलणारा. गावात सगळ्यांना माहीत. ती दोन मुलींना घेऊन बहिणीकडे निघून गेली होती आणि नवऱ्यानं अर्ज केला होता, की माझ्या मुली मला द्या. निकाल वाचून झाल्यावर ती रडली नाही. रडली असती तर सोपं होतं, अश्रूंची सोय वाक्यात आधीच करून ठेवली होती. ती नुसती एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, एक सांगू? धाकटी कान धरल्याशिवाय झोपत नाही. स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा. एवढं त्यांना सांगा. तुमचं ऐकतील ते." सगळे हार्कनेसकडे बघत होते. ते म्हणाले, "हे पुराव्यात येत नाही, बाई." "पुरावा नाही हो," ती घाईनं म्हणाली, "पुरावा नाही. नुसतं सांगतेय." आणि त्यांनी पुढच्या खटल्याचा पुकारा करायला सांगितलं होतं. त्या दुपारी ताटातलं बदक गार होत गेलं. घरी परतल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं, एक गंमत सांगावी तशा सुरात. मेहिटाबेल सूप ढवळत होती. तिनं विचारलं, "मग सांगितलंत का?" "कोणाला?" "त्या बापाला. कानाचं." त्यांनी सांगितलं नव्हतं. तिनं पळी खाली ठेवली, पातेलं चुलीवरून उतरवलं, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. आठ वर्षांनी ती गेली तेव्हाही ते फिरतीवर होते, यॉर्कला, एका कुंपणाच्या तंट्यात.

"बाबा," टॅमसिननं पुन्हा विचारलं, या वेळी ओठ जेमतेम हलवत. त्यांनी मान हलवली, होय. तिनं नजर समोर वळवली. सहा आठवड्यांपूर्वी ती अशीच दारात उभी राहिली होती, बाल्टिमोरहून दोन दिवस घोडागाडीत धक्के खात आलेली. एका हाताला सात वर्षांची ऑलिव्ह, काखेत साडेतीन वर्षांची फीबी, फीबीच्या एका पायात बूट नाही. लेव्हरेट क्रेननं, तिच्या नवऱ्यानं, तिला दोन दिवस तळघरात बटाट्यांच्या पोत्यांबरोबर कोंडलं होतं. वडिलांना लिहिलेलं पत्र त्याच्या हाती लागलं म्हणून. हे तिनं कोट काढता काढता सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. मग म्हणाली, "आता तुम्ही आहात ना." तेवढंच. त्या चार शब्दांवर तिनं बाल्टिमोरपासून इथवरची सगळी वाट काढली होती. ज्या माणसाला सबंध राज्य मान देतं, तो बाप असताना कोण काय करणार! मागोमाग क्रेनचा अर्ज आला, की माझ्या मुली मला द्या. मग ते सहा आठवडे. त्या घरात पंधरा वर्षांत असा आवाज झाला नव्हता. फीबी त्यांच्या खुर्चीच्या हातावर चढून, त्यांच्या डोक्यावर राहिलेले चार केस विंचरत बसे आणि प्रत्येक केसाला वेगळं नाव ठेवी. ऑलिव्ह विचारी, "आजोबा, तुम्ही माणसांना फाशी द्यायचा का?" "दोनदा." "मग ती परत आली का?" "नाही, बाळा." "मग चुकलं असेल तर?" ते म्हणाले, "म्हणूनच पुष्कळ विचार करायचा असतो." ऑलिव्हनं गंभीरपणे मान डोलावली आणि सफरचंदाचं सारण भरलेल्या भाजक्या पोळीची कड उचलून फीबीच्या ताटात टाकली, कारण फीबी फक्त कडाच खात असे.

आता गिडियन रूड बोलत होता. तो क्रेनचे वकील फेल्प्स यांच्याकडे बघत नव्हता, तिसऱ्या बाकाकडेही नाही. त्या दोघांच्या मधल्या कुठल्या तरी जागेकडे बघत होता. "या निकालापुढे जायला मला रस्ता दिसत नाही," तो म्हणाला. "अर्जदाराची वागणूक मला आवडलेली नाही, हे मी लपवत नाही. पण हा निकाल अपवाद ठेवत नाही." अपवाद ठेवत नाही! आणि हार्कनेस उभे राहिले. ठरवून नव्हे. काठी जमिनीवर टेकली, गुडघे वाजले, आणि ते उभे होते. ओबेडनं सवयीनं "शांतता!" म्हटलं आणि जीभ चावली. "गिडियन," ते म्हणाले, आणि मग सुधारून, "महाराज. मला बोलू द्या. ते वाक्य चुकीचं आहे. माझ्या मसुद्यात त्याच्या आधी एक शब्द होता. साधारणपणे. तो मी खोडला." "का?" रूडनं विचारलं. त्याचा आवाज विद्यार्थ्याचा झाला होता. म्हाताऱ्याला खोटं बोलता आलं असतं. छापणाऱ्यावर घालता आलं असतं, कारकुनावर घालता आलं असतं. "कानाला बरं लागत नव्हतं म्हणून," ते म्हणाले. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग ते हसणंही थांबलं. "नियम एवढाच होता, की साधारणपणे. त्या चक्कीवाल्याच्या घरी साधारण असं काही नव्हतं. क्रेनच्या घरीही नाही. माझं चुकलं होतं." फेल्प्स संथपणे उठले. "मी आदरानं विचारतो, ही चूक साहेबांच्या ध्यानात त्यांच्या स्वतःच्या मुलीचा खटला उभा राहिल्यावर आली का?" या प्रश्नात खोट नव्हती. त्यांनी स्वतः वकील असताना हाच विचारला असता. रूडनं हातानं फेल्प्सना बसायची खूण केली. त्यानं टेबलावरच्या पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाला, "सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की निकाल एकदा दिला की तो देणाऱ्याचा राहत नाही. देणारा रस्त्यावरच्या कुठल्याही माणसासारखा त्याच्याखाली येतो. छापील पानावर तो शब्द नाही. मी तो कुठून आणू?" त्याचे डोळे भरले होते. ते बघून हार्कनेसना, इतक्या सगळ्यात, एक ओझरता अभिमान वाटून गेला, की पोरगं किती नीट शिकलं. त्या अभिमानाची नंतर त्यांना सगळ्यात जास्त घृणा वाटली. रूडनं हुकूम दिला: मुली शनिवारी दहा वाजता बापाच्या स्वाधीन कराव्यात. आईनं वर्षातून एकदा, बापाच्या घरी, बापाच्या संमतीनं भेटावं.

बाहेर एल्मच्या झाडांखाली टॅमसिन थांबली. लोक वाट देऊन जात होते, टोप्या उचलत होते. ती म्हणाली, "कधी कळलं तुम्हाला?" "काय?" "की चुकलं. कधी कळलं? आज सकाळी? मी दारात आले तेव्हा?" आज, असं म्हटलं तर ते मुलीसाठी न्याय वाकवणारे एक म्हातारे बाप ठरत होते, आणि तिनं ते समजून घेतलं असतं. तिच्या डोळ्यांत तशी वाट मोकळी ठेवलेली दिसत होती. त्यांनी त्या वाटेकडे पाहिलं. "त्याच दिवशी," ते म्हणाले. "निकाल दिला त्या दिवशी. जेवायच्या आधी." ती मोजत असावी. तेवीस वर्षं. ती तेव्हा सहा वर्षांची होती, तिच्या आईचं सूप चुलीवर होतं. "आणि मग?" "मग पुढचा खटला होता." टॅमसिननं हातमोजे चढवले, एकेक बोट नीट. "त्या बाईला सांगितलंत का कधी?" "नाही." "तिचं नाव तरी आठवतं?" "केटुरा बोल्स." हे नाव त्यांनी इतक्या चटकन सांगितलं, की टॅमसिनच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं. विसरले असते तर बरं झालं असतं. विसरलेल्या माणसावर राग धरून बसता येतं. ती पुढे चालू लागली, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडताना धरावं लागतं म्हणून कोपर धरून. पण ते धरणं कुठल्याही म्हाताऱ्याला धरल्यासारखं होतं.

शनिवारी क्रेन स्वतः आला नाही, बहिणीला पाठवलं. बाई बरी होती, अवघडलेली होती. टॅमसिननं मुलींच्या पेट्या स्वतः भरल्या, कुणाला हात लावू दिला नाही. मग बहिणीला बाजूला घेऊन ती सांगत राहिली: ऑलिव्हला दुधाची साय चालत नाही, ओकते. फीबी कडा खाते, मधलं नाही, तिला रागावू नका. डाव्या पायाला नवा बूट लागतो. ताप आला की ती हसते, तेव्हा हसतेय म्हणून बरी आहे असं समजू नका. क्रेनची बहीण मान हलवत होती. "सांगाल ना त्यांना?" टॅमसिननं विचारलं. हार्कनेस जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांना वाटलं, खाली जावं आणि त्या बाईसमोर हात जोडून म्हणावं, सांगा हो, एवढं सांगा. पाय निघाला नाही. ऑलिव्ह रडत नव्हती, तिनं वर बघून विचारलं, "आजोबा, पुष्कळ विचार केला का?" गाडी हलली. फीबीला वाटलं फिरायला चाललोय, ती सगळ्या रस्त्याला हात हलवत गेली.

त्यांनी जे करायचं ते केलं. वरच्या कोर्टात अपील झालं, चौघा न्यायाधीशांनी तेच वाक्य उतरवून ते फेटाळलं. त्यांनी विधिमंडळाला लिहिलं, वर्तमानपत्रांना लिहिलं, निकालांचं पुस्तक छापणाऱ्याला लिहिलं, की पुढच्या आवृत्तीत माझा शब्द परत घाला. छापणारा सज्जन होता, स्वतः भेटायला आला. "साहेब, गिऱ्हाईक जुनंच मागतं. तळटीप देऊ का एक? बारीक टायपात?" त्यांनी तळटीपही घेतली. लँकेस्टरलाही जाऊन आले; केटुरा बोल्स अकरा वर्षांपूर्वी वारली होती, मुली कुठे असतात ते चक्कीच्या नव्या मालकाला ठाऊक नव्हतं. घरी टॅमसिन त्यांची औषधं वेळेवर देई, अंडी कितपत उकडायची ते स्वयंपाकिणीला सांगे, ऐकू येत नसे तेव्हा उजव्या बाजूला येऊन बोले. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. दोघं समोरासमोर जेवत आणि टेबलावर चमच्यांचे आवाज होत.

वर्ष भरलं तेव्हा ते दोघं बाल्टिमोरला गेले. क्रेनच्या घराच्या बैठकीत निळ्या कापडाच्या खुर्च्या होत्या, घड्याळ होतं. क्रेन दारात उभा राहिला, हात मागे बांधून, सभ्यपणे. त्याला काहीच अवैध करायचं नव्हतं. ऑलिव्ह उंच झाली होती. ती आईपाशी आली, तिच्या बाहीला गाल लावला आणि बापाकडे बघून परत सरळ झाली. मग फीबीला आणलं. पिवळा झगा, दोन घट्ट वेण्या. कोणीतरी तिला पाहुण्यांसमोर कसं यावं ते नीट शिकवलं होतं. ती खोलीच्या मध्यावर थांबली, तिनं टॅमसिनच्या तोंडाकडे पाहिलं, मग टोपीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. काही सापडलं नाही. तिनं झग्याची दोन टोकं चिमटीत धरली, गुडघे वाकवले आणि म्हणाली, "नमस्कार, बाईसाहेब. आपला प्रवास बरा झाला ना?" हार्कनेसना वाटलं टॅमसिन आता कोसळेल, किंवा धावून तिला उचलेल. क्रेननंही एक पाऊल आत टाकलं. टॅमसिन उठली. पोरीनं इतकं छान पाठ केलं होतं. तिचं काही चुकलं असं तिला वाटायला नको होतं. तिनं स्वतःच्या करड्या झग्याची दोन टोकं उचलली, आपल्या लेकीसमोर गुडघे वाकवून बरोबर तेवढंच झुकली, आणि म्हणाली, "बरा झाला, बाळ. तू विचारलंस, बरं वाटलं."